उंबरा कापायचं मशीन

जुळे सोलापूर,
रविवार, भर दुपार

श्री. सिद्धनाथ पाव्हणं यांना हिंदुरावाचा रामराम.

पत्र बघून दचकू नका. तुमची बहीण सुखरूप आहे, हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण अर्धं वाचून गाडीला किक मारायची तुमची सवय मला ठाऊक आहे. तुमची कंबर कशी आहे? वर्कशॉपचं काम बरं चाललंय ना? घरात सगळ्यांना आमचा आशीर्वाद सांगा. आणि कानाचं तेवढं मनावर घ्या. परवा तुम्हाला फोन करून सांगितलं की अंबूला सोमवारी दवाखान्यातून घरी सोडणार, तर तुम्ही म्हणालात, "हिकडं बी पाऊस न्हाई," आणि फोन ठेवलात. पुन्हा लावला तर तेच. जन्मभर लोखंड घासून घासून तुम्ही कान घालवलेत, ते घालवलेत. पण आज मला त्याच लोखंड घासायच्या विद्येची गरज पडलीय, आणि ती फोनवर सांगता येण्यासारखी नाही. म्हणून हे पत्र. हार्डवेअरवाला शेखलाल दुपारी टेम्पो घेऊन तुमच्या मोडनिंबला माल टाकायला निघालाय, त्याच्या हाती देतोय. तो येईपर्यंत लिहून व्हायला पाहिजे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका.

तर झालं असं. शुक्रवारी सकाळी डॉक्टर आले आणि म्हणाले, आजींना सोमवारी घरी न्या. खुब्याचं हाड जुळेपर्यंत चाकाची खुर्ची, पाय अजिबात टेकवायचा नाही. मला एवढा आनंद झाला की वॉर्डातल्या सगळ्यांना चहा सांगितला. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं, घराला पायऱ्या आहेत का? मी म्हणालो, एकच होती, तिचा गवंड्याकडून उतार करून घेतलाय. राहिला उंबरा. तो काय, मी आणि शिवानंद मास्तर दोघं मिळून खुर्चीसकट उचलून आत ठेवू. (शिवानंद मास्तर म्हणजे आमच्या पाठीमागच्या घरातले, शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले. ह्या माणसाची आठवण ठेवा, पुढं फार छळणार आहे.) पाव्हणं, हे मी बोलायला नको होतं. अंबू भिंतीकडं तोंड करून पडली होती, ती तशीच बोलली. म्हणाली, "मला उचलायचं न्हाई. उचलून माणसाला घरातनं भाईर नेत्यात, आत न्हवं. चाकावर का हुईना, माझी मी आत जाणार. न्हाईतर हितंच ऱ्हाते." तुमच्या बहिणीचा आवाज चढला तर मी घाबरत नाही, इतक्या वर्षांत अंगवळणी पडलंय. पण हे ती हळू बोलली.

घरी येऊन माप घेतलं. खुर्चीची रुंदी सुतळीवर गाठ मारून आणली होती, ती दाराला लावली तर गाठ चौकटीच्या बाहेर दोन बोटं. परत लावली. ओढून लावली. देवाचं नाव घेऊन लावली. दोन बोटं ती दोन बोटंच. आता ही चौकट कुणाची? तुमची! घर बांधताना मी लाकडी बसवा म्हणत होतो, तर तुम्ही म्हणालात, "दाजी, माझ्या भनीच्या घराला लाकूड? वाळवी खाईल की," आणि मोडनिंबहून लोखंडी चौकट आणून भिंतीत गाडलीत, वर तिच्या पोटात काँक्रीट ओतलंत. हत्ती धडकला तरी हलायची नाही म्हणालात. हत्ती काही आला नाही, पण तुमचा शब्द खरा झाला, ती हलत नाही. (आतली दारं ऐसपैस आहेत. ती तुम्ही केलेली नाहीत.) आणि खालचा उंबऱ्याचा दगड कुणाचा? तुमच्या वडिलांचा. मंगळवेढ्याहून एसटीच्या टपावर टाकून पाठवला होता, त्या गाडीचा कंडक्टर मीच, आणि सासऱ्याच्या दगडाचं लगेजचं तिकीट फाडलं ते पण मीच. म्हणजे ह्या घराचं दार वरपासून खालपर्यंत सासुरवाडीचं, आणि आत तेवढा मी. मागं दार नाही, मागं मास्तरांची भिंत. उंबऱ्यावर फळी टाकून बघितली, तर चढ असा होतो की मागून ढकलायला दोन माणसं लागतात, आणि ही म्हणते माझी मी जाणार. मग उरलं काय? चौकटीची एक बाजू कापून भिंतीत दोन बोटं सरकवायची, आणि उंबरा जमिनीलगत कापायचा. लोखंड, वीट आणि दगड, तिन्ही एका दारात.

उंबरा कापायचा, हे लिहितानाही माझा पेन अडतो. तुमची बहीण त्या दगडाचं काय करते ते तुम्ही बघितलंय. सकाळी अंघोळ झाली की चहाच्या आधी त्याला पाणी, हळदीकुंकू आणि चार ठिपक्यांची रांगोळी. त्याच्यावर पाय देऊन कुणी उभं राहिलेलं तिला चालत नाही, आणि बसलेलं तर मुळीच नाही. एकदा पोस्टमन ऊन लागलं म्हणून टेकला, तर त्याला पाणी दिलं, गूळ दिला आणि मग उठवून असं झापलं की बिचारा मनिऑर्डरवर सही घ्यायची विसरला. मी स्वतःच्या घरात एवढी वर्षं बूट घालायला उंबऱ्यावर टेकलो नाही. आणि तोच दगड आता मी मशीन लावून कापणार, ती दवाखान्यात पडलेली असताना, तिला न सांगता. कारण सांगायची माझी छाती नाही.

शुक्रवारी संध्याकाळीच शेखलालकडं गेलो. त्यानं सरळ विचारलं, "हिंदुराव, पैले ये बोलो, कापायचं काय? लोखंड हाय का दगड? दोघांचं पातं येगळं आस्तंय." मी म्हणालो, थोडं लोखंड आहे, थोडी वीट आहे, खाली एक दगड आहे. तो म्हणाला, कसला दगड? मी म्हणालो, आहे असाच, मोरीचा. झालं! मोरीचा म्हटल्यावर त्यानं हातात मावणारं छोटं ग्राइंडर दिलं आणि लोखंड कापायच्या चार काळ्या चकत्या दिल्या, आणि दहादा बजावलं की वरचं कव्हर काढायचं नाही, डोळ्याला गॉगल लावायचा, सदऱ्याची बाही लोंबू द्यायची नाही. बाहीचं त्यानं सांगितलं, पण आमच्या बजाआक्काचं काय करायचं ते सांगितलं नाही. (माझी थोरली बहीण, अंबू पडल्यापासून माझ्या जेवणाखाणाला गावाकडून आलीय. तिला मी एवढंच सांगितलं होतं की चौकट कापायची आहे. उंबऱ्याचं नाव काढलं नव्हतं.) तिनं मशीन पाटावर ठेवलं, हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, पाणी मशीनवर शिंपडणार तेवढ्यात मी आडवा आलो. पण मी गॉगल शोधायला आत गेलो, तेवढ्यात तिनं दृष्ट लागू नये म्हणून त्याच्या मानेला काळा दोरा आणि बिबा बांधला. मी बटण दाबलं. दोरा गरगर गुंडाळला, आणि बिबा सुटून खाडकन माझ्या कपाळावर बसला. गॉगलच्या वर दोन बोटं! आक्का म्हणाली, "बघ, निघाली का न्हाई दिष्ट?" माझं कपाळ अजून टम्म आहे.

चौकटीवर चकती टेकवली तर ठिणग्यांचा पाऊस. लोखंड कापत होतं हो, म्हणजे मला वाटत होतं कापतंय. पण आत तुमचं काँक्रीट लागलं की चकती नुसती रडायची आणि झिजायची. पायजम्याला भोकं पडली. चार चकत्या खलास, आणि चौकटीला वरखाली दोन खाचा, बस्स. त्याच अवतारात हातपाय धुऊन दवाखान्यात गेलो. अंबूनं पहिला प्रश्न काय विचारावा? "उंबऱ्याला हळदीकुंकू लावता न्हवं सकाळचं?" मी म्हणालो, लावतो की. (खरंच लावतो, पाव्हणं. बोटं जाड, कुंकू पसरतं, पण रोज लावतो.) ती बरं म्हणाली आणि माझ्या कपाळाकडं बघत राहिली. मी म्हणालो, दाराला आपटलं. खोटं नाही तसं, दाराच्याच पायी झालं.

शनिवारी सकाळी मास्तर मोबाइल घेऊन आले. त्यांनी रात्रीतून दगड कापायचे व्हिडिओ पाहिले होते आणि त्यांचं मत असं की दगडाला नि काँक्रीटला हिऱ्याच्या चुऱ्याचं पातं लागतं. ते विकत आणायचं म्हणजे आजच, आणि आज शनिवार. आक्का दारात हात पसरून उभी राहिली. शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही म्हणजे नाही. ज्या घरात आजारी माणूस यायचंय तिथं शनीला बोलावणं धाडता काय? मी म्हणालो, आक्का, हे लोखंड नव्हेच. तिनं मला फोन लावायला लावला आणि शेखलालला स्वतः विचारलं. आता तो मेला व्यापारी असून खोटं बोलेना. म्हणाला, "आक्का, आतली चकती लोखंडच हाय. पन कडेला हिरा हाय." आक्कानं विचार केला आणि निकाल दिला की हिरा म्हणून आणायचा, लोखंड म्हणून नाही. आणला हिरा. लग्नापासून तुमच्या बहिणीला हिऱ्याची चमकी करायची म्हणतोय, ती झाली नाही. आणि हिरा घेतला तो तिच्या उंबऱ्यासाठी. पिशवीत पातं घेऊन येताना ह्या गोष्टीचं मला फार वाईट वाटलं.

हिऱ्यानं विटा कापल्या, खोटं कशाला बोलू. पण धुरळा असा उठला की मला मास्तर दिसेनात आणि मास्तरांना मी. तेव्हा मास्तरांना आठवलं की व्हिडिओत पात्यावर पाणी सोडतात. ते मशीन वेगळं, पाण्याचं, हे त्यांना आठवलं नाही. माझं मशीन विजेवरचं, आणि विज्ञानाचा हा मास्तर मागून तांब्या घेऊन आला आणि त्यानं धार धरली. पाव्हणं, हाताला असा हिसका बसला की मशीन सुटलं. फट् आवाज झाला, आणि ते मशीन बंद पडायच्या आधी फिरत्या पात्यानिशी फरशीवर नाचत नाचत माझ्या अंगठ्याजवळून गेलं. इतक्या जवळून की पात्याचा वारा लागला. मला त्या क्षणी एकच दिसलं, की अंबू एका खाटेवर, मी दुसऱ्या, आणि दोघांना उचलून आणायला कुणी नाही. मी तिथंच फतकल मारून बसलो. मास्तर तांब्या छातीशी धरून उभे, तोंडातून शब्द नाही. मग बाहेर आरडाओरडा ऐकू आला, कारण गल्लीतला फ्यूज उडून सगळ्यांचे कूलर बंद पडले होते, आणि सोलापुरात उन्हाळ्यात भर बारा वाजता कूलर बंद पाडणं म्हणजे काय गुन्हा आहे ते तुम्हाला सांगायला नको.

सगळी गल्ली दारात. आणि मास्तरांची गेलेली वाचा नेमकी तेव्हा परत आली. म्हणाले, "काही नाही हो, हिंदुराव उंबरा कापताहेत." आक्काच्या हातातलं ताट खाली पडलं. नंतर जे झालं ते एसटीच्या शेवटच्या गाडीला पण झालेलं मी बघितलेलं नाही. एक म्हणे, उंबरा कापला की घराची लक्ष्मी जाते. दुसरी म्हणे, तिच्या मावशीकडं कापला आणि वर्षाच्या आत म्हैस गेली. तिसरा म्हणे, कापू नका, उकरून काढा, म्हणजे लागत नाही. आक्कानं तर तोंडाला पदर लावून गळाच काढला, "आरं हिंदू, उंबरा कापत्यात व्हय रं? आपल्या सात पिढ्यांत कुनी कापलाय का?" मी चिडलो. भर गल्लीत ओरडलो की घरची लक्ष्मी तिकडं दवाखान्यात चाकावर बसलीय, तिला आत यायला वाट नाही, आणि तुम्ही दगडातली लक्ष्मी कसली धरून बसलाय! मला वाटलं, जिंकलो. पण मागून कुणीतरी बारीक आवाजात विचारलं, "पन अंबूवहिनींना ठावं हाय का?" मी आत जाऊन दार लावलं. म्हणजे लावायला गेलो. चौकटीला खाचा पाडल्यापासून ते लागत नाही.

मग पुन्हा शेखलाल. ह्या वेळी खरं सांगितलं. मोरी नाही, उंबरा आहे. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला थांबवून तो माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं होतं, त्याला काय त्याचं, दगड तो दगड. पण त्यानं मशीनचं नाव काढलं नाही. म्हणाला, "भाभी को पूछे क्या?" त्याची बायको कमरबी अंबूला रोज सकाळी डबा नेते, त्या दोघींचं मेतकूट तुम्हाला माहीत आहे, तेव्हा भाभीची आठवण त्याला होणारच. मी म्हणालो, विचारलं, कापा म्हणाली. तो अजून बघत होता. मी मान खाली घालून टेबलावरचे खिळे चाळत बसलो. शेवटी त्यानं रस्त्याच्या कामावरचं पेट्रोलचं मोठं मशीन भाड्यानं दिलं. (भाड्याचं लोखंड शनीला दिसत नाही, हा शोध वाटेत मीच लावला.) पातं जेवणाच्या ताटाएवढं, आवाज ट्रॅक्टरचा, एक पातं लोखंडाला आणि एक दगडाला, दोन्ही हातांनी धरायचं आणि पोटानं रेटायचं. ते टेम्पोतून उतरवायलाच मी आणि मास्तर दोघं लागलो. संध्याकाळी दवाखान्यात गेलो तर अंबू म्हणाली, "डोसक्यात पीठ कसलं हो?" मी म्हणालो, ज्वारी दळायला गेलतो. ज्वारीचं पीठ कधी विटकरी असतं का, हे तिनं मला विचारायला पाहिजे होतं. तिनं विचारलं नाही, त्याची मला जास्त भीती वाटली.

आज सकाळी लवकर उठलो. अंघोळ केली. उंबऱ्याला पाणी घातलं, हळदीकुंकू लावलं आणि हात जोडून म्हणालो, बाई, चूकभूल पदरात घे, तिच्यासाठीच करतोय. मग मशीनची दोरी ओढली. सुरू होईना. मास्तरांनी ओढली, होईना. मग झालं ते एकदम, आणि गल्लीतली सगळी कुत्री एका दमात पळाली. आधी लोखंडाचं पातं लावून चौकटीच्या खाचा पुऱ्या केल्या. मध्येच पातं अडकलं आणि मशीन असं उसळून अंगावर आलं की मास्तरांनी मागून कंबर धरली नसती तर हे पत्र मास्तरांच्या अक्षरात आलं असतं. पण एक बाजू सुटली! तुमची ती हत्तीची चौकट भिंतीपासून सुटली, पाव्हणं. घाम पुसला, दगडाचं पातं चढवलं, मशीन सुरू केलं आणि उंबऱ्याकडं वळलो, तर उंबऱ्यावर आक्का बसलेली. भिंतीला पाठ, पाय लांब पसरलेले, डोक्यावर पदर. माझ्या हातात ते गुरगुरतंय, पातं फिरतंय, आणि ही म्हणते, "काप. आदी मला काप, मग उंबऱ्याला." ज्या आक्कानं मला लहानपणी उंबऱ्यावर बसलो म्हणून चिमटे काढले, ती! मी मशीन बंद केलं. विनवण्या केल्या, रागावलो, पाया पडलो. उठली नाही. भाकरी तिथंच खाल्ली, चहा तिथंच प्याली, आता पानपुडा काढून तिथंच सुपारी कातरतेय. मी आतल्या बाजूला आरामखुर्चीत बसून हे लिहितोय, आणि आमच्या दोघांमध्ये ते पेट्रोलचं धूड पडलंय.

मी कंडक्टर म्हणून जेवढी वर्षं काढली, त्यात काय केलं? बाजाराच्या दिवशी पाटीवाल्या म्हाताऱ्या, पाय सुजलेल्या, काठीवाल्या, सगळ्यांना हात धरून एसटीच्या त्या उंच पायरीवरून आत घेतलं. एकीला खाली ठेवून डबल बेल दिली नाही. आणि आता माझ्या बायकोला माझ्या घरात आत घेता येईना, चार बोटांचा दगड आडवा आलाय. उद्या सकाळी दहाला तिची गाडी दारात येईल. दार उघडं, चौकट अर्धी, उंबरा तसाच, त्याच्यावर माझी बहीण. ती खुर्चीतून बघेल आणि म्हणेल, चला परत. ती म्हणेल, पाव्हणं, तिची जीभ अडखळायची नाही.

तेव्हा एवढंच कळवा: दगड कापायला हे पेट्रोलचं बरं, का तुमच्याकडं आहे ते पाण्यावर चालणारं? चौकट परत बसवायची तर जोड कसा द्यायचा? आणि तुमच्या त्या काँक्रीटवर काही औषध आहे का? उत्तर शेखलालच्याच हाती लिहून द्या, फोन करू नका. फोनवर तुम्ही पावसाचं बोलता.

आपला,
हिंदुराव

ता. क. मशीनचं जाऊ द्या. वर लिहिलंय ते सगळं मशीनचं लिहिलंय, पण पत्र त्यासाठी नाही. तुम्ही स्वतः या. आज संध्याकाळीच या, शेखलालच्या टेम्पोतून या, आणि घरी न येता आधी दवाखान्यात जा. दगड तुमच्या वडिलांचा आहे, बहीण तुमची आहे. तुम्ही तिला विचारा, उंबरा कापू का म्हणून. मला विचारवत नाही. ती नाही म्हणाली तर मी काय करू? आणि हो म्हणाली तर तिचं तोंड कसं होईल, ते मला बघवायचं नाही. ही माझी विनंती आहे आणि दाजी म्हणून हुकूमही आहे.

ता. क. दुसरं. पाकीट बंद करत होतो तर शेखलाल आला. आल्या आल्या म्हणाला, "हिंदुराव, तुमको झूट बोलना आता नहीं." काल माझा त्याला भरवसा वाटला नव्हता, म्हणून त्यानं कमरबीला सांगून ठेवलं होतं, आणि आज सकाळी डबा देताना तिनं अंबूला विचारून टाकलं. मी खुर्ची घट्ट धरली. अंबू म्हणाली म्हणे, की मला परवाच कळलंय, ह्यांच्या कपाळावर बिबा उठलाय, दार न्हवं; आणि डोक्यातलं पीठ ज्वारीचं न्हवतं. म्हणाली, कापा म्हणावं, खुशाल कापा, मी आत जायला त्याला पुजत होते, भाईर ऱ्हायला न्हवं. फक्त दगड फोडायचा नाही. अख्खा काढायचा, कड मोडायची नाही, आणि अंगणात कडुनिंबाखाली ठेवायचा. कमरबीनं विचारलं, कशाला, पूजेला? तर म्हणाली, "बसायला. जल्मभर समद्यास्नी उठवलं त्याच्यावरनं, पन मला सुदिक कदी बसता आलं न्हाई. पाय बरा झाला की तिथं बसून च्या पेनार हाय." पाव्हणं, मला हसू आलं आणि मग ते थांबेना, आणि मग शेखलालनं मला पाणी दिलं. तेव्हा आता दगड अख्खा निघाला पाहिजे, सरळ, बसायला टोचणार नाही असा. ते माझ्या हातचं काम नाही आणि मास्तरांचं तर मुळीच नाही. दवाखान्याचं आता राहू द्या, तुमचं पाण्याचं मशीन घेऊन सरळ घरी या. दगडाचं बारीक पातं विसरू नका.

ता. क. शेवटचं. हे सगळं मी आक्काला वाचून दाखवलं. ऐकून तिनं डोळे पुसले, पदर नीट केला, पण उठली नाही. म्हणते, "थांब की रं जरा. उद्या अंबू आली की मला कुठलं बसाय मिळतंय?"